बारा फोटो आणि एक चुरगळ्या

आमचं नेहमीचं फोटोचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून मी मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत गेले. एवढंच. त्या दुकानदाराच्या सासूबाईंचा गुडघा दुखला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, त्यामुळे मी त्या गुडघ्याची जन्मभराची ऋणी आहे.

स्टुडिओच्या काउंटरवर एक मुलगा बसला होता. मी माणसांची तोंडं नंतर बघते, आधी कपडे बघते. त्याला माझा इलाज नाही. आईचं लाँड्रीचं दुकान आहे आणि मी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपूनच लहानाची मोठी झालेय. तर या मुलाच्या शर्टाला इस्त्री नावाची वस्तू ठाऊकच नव्हती. कॉलरचं एक टोक वर, एक खाली, आणि बाह्या तर विचारूच नका. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं... चुरगळ्या.

"बारा फोटो प्रिंट करायचेत," मी पेन ड्राइव्ह पुढे केला. "मोठ्या साइजचे. कॉलेजच्या प्रवेशासाठी पाठवायचेत."

"माझ्यावर सोडा," तो म्हणाला आणि मान वर करून हसला. आता काय सांगू! शर्टाचं जाऊ दे, पण हसणं मात्र कडक इस्त्रीचं होतं.

मी उगाचच कपाळावरचे केस मागे सारले आणि घरी आले.

या बारा फोटोंवर माझं सगळं टांगलेलं होतं. फोटोग्राफीच्या त्या कॉलेजात मार्कांना कुणी विचारत नाही. एकच माणूस आणि त्याचं काम, अशा विषयावरचे बारा फोटो मागवतात आणि ते बघून मुलाखतीला बोलावतात. गेल्या वर्षी मी विषयबिषय न वाचताच मांजरं, फुलं आणि सूर्यास्त पाठवले होते. अर्थातच नकार आला. तेव्हा आईने स्पष्ट सांगितलं, "अजून एक वर्ष देते. त्यानंतर गुपचूप इस्त्रीला उभं राहायचं." या वर्षी मी शहाणी झाले होते. कित्येक महिने आईच्याच मागे कॅमेरा घेऊन फिरले होते. वाफेत शिरलेले तिचे हात, शर्टाची घडी मोडून दाखवणारे, बटण शिवणारे, दमून टेबलावर नुसते ठेवलेले. त्या हातांवर इस्त्रीच्या चटक्यांच्या खुणा आहेत. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, कोपराच्या आत. मला ते हात जगात सगळ्यात जास्त आवडतात.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. सगळे हात गोरेगोमटे, गुळगुळीत. औषधालाही एक चटका शिल्लक नव्हता.

"हे काय केलंत?"

"आवडलं ना?" चुरगळ्या खुशीत होता. "अंगठ्याजवळचा फार चिवट होता हं. अख्खी दुपार गेली त्याच्यात."

"माझ्या आईच्या हातावरचे चटके कुठे आहेत?"

"काढले."

"कुणाला विचारून?"

तो गोंधळला. "विचारायचं काय त्यात? आमच्याकडे तशीच पद्धत आहे. माणूस फोटो काढून गेला की त्याचे मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं, सगळं साफ करून मगच प्रिंट. गिऱ्हाइकाला सांगायला लागू नये, असं मामा म्हणतात. हा त्यांचा स्टुडिओ... मी त्यांचा भाचा... म्हणजे, मला वाटलं की तुम्हाला..."

"तुमच्या मामांना सांगा, आमच्याकडे पण पद्धत आहे. शर्टावरचा डाग काढायला सांगितला तर आम्ही डाग काढतो, खिसा उसवून ठेवत नाही!"

मी एवढी ओरडले की आत फोटो काढून घेणारं एक बाळ रडायला लागलं. चुरगळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "मूळ फोटो आहेत माझ्याकडे. उद्या तसेच्या तसे करून देतो. शपथ." मी पाकीट काखेत मारलं आणि मागे वळूनही न बघता निघाले... म्हणजे एकदा बघितलं. तो अजून तसाच उभा होता.

खरी गंमत घरी झाली. मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात आईने पाकीट उघडलं. बाहेर येऊन बघते तर ती एक एक फोटो दिव्याखाली धरून बघतेय.

"हे माझे हात?" ती म्हणाली. तिचा आवाज भलताच कोवळा झाला होता. "लग्नाच्या आधी असे होते गं माझे हात. अगदी अस्से."

"आई, ते चुकून—"

"कुणी केलं हे? किती गुणी असेल तो! हेच पाठव."

"अगं पण हे खोटे आहेत."

"खोटे कसे? बोटं माझीच आहेत ना? आयुष्यभर लोकांचे डाग काढले मी, आणि तू माझेच डाग घेऊन परगावी निघालीस होय? मला वाटत होतं तू कपड्यांचे फोटो काढतेयस. हे मोठे मोठे लोक बघणार, आणि म्हणणार, बघा हिची आई."

"तेच तर म्हणायला हवंय मला."

"तुला हवंय. मला नकोय." आईने सगळे फोटो परत पाकिटात घातले आणि इस्त्री उचलली. आईने इस्त्री उचलली की चर्चा संपली, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि घरात पोर म्हणाल तर मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत जाऊन सगळा राग त्याच्यावर काढला. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी येऊन सांगू का तुमच्या आईंना? माझ्यामुळेच झालंय ना."

"काय सांगणार?"

"ते अजून ठरवलं नाही."

तो संध्याकाळी आला. हातात आधार म्हणून चार शर्ट घेऊन. आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही बोलायच्या आत अंगातलाही शर्ट काढायला लावला. बनियनवर स्टुलावर बसलेला तो, कान लाल झालेले, समोर वाफ सोडत उभी आई, आणि मी हँगर लावायच्या निमित्ताने पाठ फिरवून हसतेय! चटक्यांचा विषय त्याने काढलाच नाही. आईने मात्र त्याच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. "माझ्या लेकीला काही कळत नाही," असंही वर सांगितलं.

"बरोबर आहे, काकू," तो म्हणाला.

"बरोबर आहे, काकू?" तो जाताना मी दारातच त्याला गाठलं. "तुम्ही माझ्या बाजूने आला होतात ना?"

"हो. पण त्यांनी शर्ट काढून घेतला होता. अशा अवस्थेत माणूस वाद घालत नाही."

मग तो रोज यायला लागला. माणसाजवळ एवढे शर्ट असतात का, असा प्रश्न मला पडायचा. नंतर कळलं, मामांचेही आणायचा. मीही रोज स्टुडिओत जायचे. आई हो म्हणो न म्हणो, फोटो तयार ठेवायचे म्हणून आम्ही मूळ फोटोंचे प्रिंट काढून त्यांचा क्रम लावायला बसायचो. फोटो जमिनीवर मांडायचे आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून ते इकडचे तिकडे करायचे. तो म्हणायचा, हा आधी. मी म्हणायचे, शक्यच नाही. अंधार किती ठेवायचा यावर आमची खडाजंगी व्हायची. त्याला प्रत्येक कोपरा उजळून टाकायची सवय, आणि मला सगळंच काळोखात ठेवायची.

"वाफ दिसायला हवी तर मागे काळं हवं," मी सांगायचे.

"पण माणूसही दिसायला हवा ना, बाईसाहेब."

एका संध्याकाळी असेच पुठ्ठे कापत बसलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड ओल्या काचेतून आत आला होता. मी पट्टी धरली होती, तो पात्याने कापत होता. पट्टीवर माझी बोटं आणि त्याची बोटं यांच्यात कागद जाईल एवढीच जागा. पातं शेवटाला आलं तरी त्याने हात काढला नाही. मीही नाही...

"कापून झालं," मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला. "कधीचंच."

तेवढ्यात आतून मामांनी चहाला हाक मारली. मामांच्या चहाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

अर्जाला माझाही एक फोटो लागणार होता, साधा, ओळखपत्रावर असतो तसा. तो त्याने काढला. मी स्टुलावर बसले, त्याने माझी मान डावीकडे वळवायला सांगितली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. "किती वळवायची?" "गरज नाहीये खरं तर. मी आपला बघतोय." मी त्याच्याकडे पेन फेकून मारलं.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला. मोठ्ठा. आणि माझ्या हनुवटीवरचा तो जुना व्रण, लहानपणी इस्त्रीच्या टेबलावरून पडून झालेला, पडद्यावर चांगला बोटभर दिसायला लागला. मला तो कधीच आवडलेला नाही. फोटोत मी नेहमी मान खाली घालते.

"ते हनुवटीवरचं तेवढं..." मी सहज म्हणाले, "जरा काढून टाक ना."

त्याने माउसवरून हात उचलला. माझ्याकडे बघितलं. आणि जो हसत सुटला! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आईंचे चटके राहू देत, आणि तुझी हनुवटी तेवढी साफ करू?"

आम्ही कधी अहोजाहोवरून अरेतुरेवर आलो, तेही मला तेव्हाच कळलं. पण मला हसू येईना. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. आईला कसं वाटलं असेल ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. महिनोन्‌महिने मी तिचे हात बघत होते, पण त्या हातांचं तिला काय वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने माझा चेहरा बघितला आणि हसायचा थांबला. "ए... रागावलीस?"

"नाही. काढू नकोस."

"काढणार नव्हतोच." तो पडद्याकडे बघत बोलत होता, माझ्याकडे नाही. "पहिल्या दिवशी तू मला झापत होतीस ना... मला काही ऐकूच येत नव्हतं. मी हनुवटीकडेच बघत होतो. दर शब्दाला ती खूण हलत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मामांना म्हटलं, आपण जरा जास्तच साफ करतो का हो?"

मी, जिची जीभ कात्रीसारखी चालते अशी सगळ्या गल्लीची तक्रार आहे, मघाशी फेकलेलं पेन शोधायला टेबलाखाली वाकले!

घरी जाऊन मी आईला जे झालं ते सगळं सांगितलं. हनुवटीचं. त्याचं शेवटचं बोलणं सोडून. "तुला नको असतील तर नाही पाठवत तुझे हात," मी म्हणाले. "पण पुसलेलेही नाही पाठवणार. अजून थोडे दिवस आहेत, मी दुसरं काहीतरी काढते. नाहीच जमलं तर राहते इस्त्रीला उभी."

आईने हातातला शर्ट पूर्ण केला, घडी घातली, इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "आण ते खरे फोटो."

इस्त्रीच्या टेबलावर मी ते मांडले. ती बराच वेळ बघत राहिली. मग मनगटावरच्या चटक्यावर बोट ठेवलं. "हा तू पहिल्यांदा शाळेत गेलीस तेव्हाचा. पाठमोरी चालली होतीस, दप्तर तुझ्यापेक्षा मोठं. बघत राहिले आणि इस्त्री टेकली." बोट पुढे सरकलं. "हा तुझ्या आत्याशी फोनवर भांडताना. आणि हा... हा नुसताच माझा वेंधळेपणा, त्याला काही गोष्टबिष्ट नाही."

माझे डोळे भरून आले. आईने लगेच टपली मारली. "रडू नकोस, कागद भिजतील. पाठव हे. पण एक अट आहे. तुझी हनुवटी पण आहे तशीच जाऊ दे. मी एकटीनेच का म्हणून?"

मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या अंगाला गरम सुती कापडाचा वास येत होता.

शेवटचे प्रिंट निघाले त्या दिवशी चुरगळ्याने माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. एक एक कागद मशीनमधून बाहेर यायचा, तो दोन्ही कडांना धरून उजेडात बघायचा आणि माझ्या हातात द्यायचा. काळोख माझा होता, माणूस त्याचा होता, आणि वाफ दोघांची. इतके सुंदर फोटो मी काढलेत यावर माझाच विश्वास बसेना.

"आज मशीन बिघडलंय म्हणून सांगणार होतो तुला," तो एकदम म्हणाला.

"का रे?"

"हे जितके चांगले निघतील तितकी तू लांब जाणार. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय मी."

"मग वाईट काढायचे होतेस."

"ते नाही जमलं." त्याने शेवटचा फोटो दिला. "तुझ्या आईंचे हात आहेत. त्यांच्यात कशी लबाडी करणार?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण प्रवेश मिळाला तर जायचं, आणि नाही मिळाला तर रडत बसायचं. अशा वेळी कुणाला कशाला आशेला लावायचं, असं मनात आलं... आणि मी पाकिटाला डिंक लावत बसले. भित्री कुठली!

मुलाखतीला बोलावणं आलं. आई बरोबर आली होती, दाराबाहेर बसली. आत तिघे परीक्षक फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. एका बाईंनी विचारलं, "यांना हे दाखवायला अवघड नाही गेलं?" मी म्हणाले, "गेलं. मलाही गेलं." आणि सगळंच सांगून टाकलं, हनुवटीसकट. त्या उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि आईशी हात मिळवून आल्या. आई नंतर घरी येईपर्यंत तो हात तसाच मांडीवर ठेवून बसली होती.

निकाल आला तेव्हा आम्ही दुकानातच होतो. मला प्रवेश मिळाला होता. आई हसली, रडली, पुन्हा हसली, आणि मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "इथे काय करतेयस अजून? मला काय डोळे नाहीत? जा, सांगून ये त्याला."

मी धावतच गेले. स्टुडिओत एक आजोबा पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर ताठ बसले होते. चुरगळ्या कॅमेऱ्यामागे उभा होता.

"मिळाला," मी दारातूनच म्हणाले. श्वास पुरत नव्हता.

त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. अगदी खरा. आणि त्याच्या पाठोपाठ ते दुसरंही आलं, ते लपवायला तो पटकन कॅमेऱ्यात घुसला. "अभिनंदन," तो आतूनच म्हणाला. "फार... फारच छान झालं. आजोबा, हलू नका हं." क्लिक.

"बाळा, भिंगावरचं झाकण काढलं नाहीस," आजोबा म्हणाले.

झाकण काढायला त्याचा हात पुढे आला. त्याने झाकण काढलं आणि परत तिथेच बसवलं. ते बघितलं आणि माझी सगळी भीती कुठल्या कुठे पळाली.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "त्या दिवशी सांगायला हवं होतं, डिंक लावत बसले. मी जाणार आहे, आणि तरीही तू आवडतोस. खूप. आता तुला काय करायचं ते कर."

आजोबांची मान जराही हलली नाही, डोळे मात्र त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे फिरत होते.

"उत्तर दे रे तिला," शेवटी ते ओठ न हलवता म्हणाले. "माझी मान अवघडली."

चुरगळ्याने घसा खाकरला. "सकाळची पहिली बस धरली तर जेवायच्या वेळेला पोचते," तो म्हणाला. "आणि संध्याकाळची शेवटची पकडली तर झोपायला घरी."

"कुठली बस?"

"तुझ्या कॉलेजची." त्याचे कान लाल झाले होते. "मी जाऊन आलो. तू पाकीट पोस्टात टाकलंस ना, त्याच्या पुढच्याच रविवारी. काही नाही, फाटकापर्यंत गेलो, समोरच्या टपरीवर चहा प्यालो आणि परत आलो. तू जाणार हे मला ठाऊकच होतं. मग म्हटलं, एकदा बघून तरी यावं... दर रविवारी जमेल का मला ते."

माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. माझं कशातच काही नव्हतं तेव्हा, आणि हा वेडा चहा पिऊन आला होता!

"मग?" मी विचारलं. "जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.